नऊ जणांची पात

हाल्याला कुणीही भेटलं की पहिला प्रश्न एकच. "कधी जातोस?"

विचारणाऱ्यांचीही चूक नव्हती म्हणा. झरीजवळच्या त्या पाड्यावर गेली तेवीस वर्षं हाल्या म्हणजे मे महिन्यात येणारा आणि नारळी पुनव झाली की जाणारा माणूस. तळासरी-डहाणूकडचे कितीतरी गडी गुजरातेत मच्छीच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, तसाच हा वेरावळला जायचा. तिथं तो भंडारी होता. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. टांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, धरून आठ गडी, नववा हा. नऊ जणांचं रांधायचं, तेही पायाखालची फळी सारखी हलत असताना. त्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

पण २०१७ साली मे महिन्यात तो घरी आला तो दुखरा गुडघा घेऊनच. डॉक्टर म्हणाला, बोट आता बंद. नारळी पुनव झाली, बाकीचे गडी पिशव्या घेऊन जीपमध्ये चढले, आणि हाल्या आपल्याच ओट्यावर उभा राहून त्यांना बघत बसला. म्हणजे उभाच होता, पण बसल्यासारखाच.

आता खरी पंचाईत पुढं आहे. या माणसानं स्वतःचं घर फक्त उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसात बघितलेलं. भात कापल्यावर घरात काय चालतं, थंडीत ऊन कुठल्या बाजूनं आत येतं, यातलं त्याला काडीचंही ठाऊक नव्हतं. दिवाळी घरी केली ती लग्नानंतर पहिल्यांदा, आणि दिवे कुठं कुठं ठेवायचे ते बायकोला विचारून. मीठ कुठंय, पळी कुठंय, सगळं विचारायचं. बारकी, म्हणजे त्याची बायको, शांतपणे सांगायची. ना हसायची, ना चिडायची. वेरावळात टांडेलाची शिवी कुठल्या रागाची आणि कुठल्या लाडाची हे हाल्या झोपेत सांगू शकला असता, पण बारकीच्या गप्प बसण्याचा अर्थ काही त्याला लागेना.

त्यात ती ताटली. घरात एकच चांगली स्टीलची ताटली होती, बोटीच्या सेठनं एका वर्षी दिलेली. ती फळीवर उपडी असायची आणि पाहुणा आला तरच खाली यायची. बाकी सगळे जर्मनच्या चेपलेल्या ताटल्यांत जेवायचे. हाल्या मे महिन्यात आला की बारकी ती ताटली काढायची, कोंबडं कापायची, आधी त्याला वाढायची. मुलगी दक्षा तेव्हा लहान होती, ती म्हणायची, "बाची ताटली." आता दक्षा लग्न होऊन चिखल्याला गेली होती. पण बारकी अजून रोज त्याच ताटलीत वाढत होती. श्रावणात वाढलं, दिवाळीत वाढलं, मार्गशीर्ष आला तरी तेच. आधी हाल्याला बरं वाटायचं. मग हळूहळू घास घशाखाली उतरेना. पाहुणा माणूस किती दिवस राहतो? सगळा पाडा विचारत होता, कधी जातोस. बारकी एकटी विचारत नव्हती. आता हा जाणार नाही हे तिला माहीत होतं म्हणून विचारत नव्हती, की जायची वाट बघत होती म्हणून? तिलाच सरळ विचारावं, तर तेवीस वर्षांचा संसार झाला होता पावसाळ्यापुरता. एवढं मोठं बोलणं कुठून सुरू करायचं तेही त्याला कळेना.

शेवटी त्यानं ठरवलं, घरात एक तरी काम आपलं म्हणून करायचं. आणि त्याला एकच काम येत होतं.

बारकी त्या दिवशी गवत कापायला गेली होती. सकाळी जाताना सांगून गेली होती, भात करून ठेवलाय, संध्याकाळी आल्यावर कोरड्यास करीन. हाल्या म्हणाला, आज मी करतो. ती "बरं" म्हणाली आणि विळा घेऊन निघाली. त्या "बरं"वर त्यानं अर्धी सकाळ घालवली.

मोरीचं पाणी जिथं जातं तिथं करवंदीच्या काट्या लावून बारकीनं छोटा वाफा केला होता. त्यात कांद्याची पात. हिरवीगार, वीतभर वर आलेली. रोज संध्याकाळी ती तिथून मूठभर पात आणायची आणि भाजीत टाकायची. हाल्याला ते बघून मनातल्या मनात हसू यायचं. एवढ्याशा पातीनं काय होतंय? बोटीवर कांदा गोणीनं चढतो. त्यानं स्वतः कधी वाफ्यात पाऊल टाकलं नव्हतं, बारकी ती पात कशी आणते तेही बघितलं नव्हतं, कारण तो बसायचा ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून.

तर हा गडी वाफ्यात उतरला. माती भुसभुशीत. एक कांदा धरून ओढला तर अलगद हातात आला, खाली सुपारीएवढा पांढरा कांदा आणि मुळांची दाढी. वास असा सुटला की हाल्याचा जीव हरखला. दुसरा ओढला. तिसरा. मग हाताला लयच लागली. पहिली ओळ संपली, दुसरी संपली, आणि एवढ्यानं भागायचं नाही असं त्याचा हातच त्याला सांगत राहिला. अगदी बारीक होते ते त्यानं सवयीनं टोपलीत बाजूला टाकले, जाळ्यातली चिल्लीपिल्ली मासळी बाजूला टाकतात तसे. बाकी सगळे धुऊन, मुळं छाटून, पातीसकट चिरले. माळ्यावरून लग्नकार्याची डेगची काढली. तेल, लसूण, मिरची, हळद, दोन मुठी सुकवलेला जवळा. कांदा आधी, पात शेवटी, झाकण नाही, नाहीतर पात काळी पडते. गुडघा दुखतोय हेसुद्धा तो विसरला. किती महिन्यांनी त्याला वाटलं की आपण कुणीतरी आहोत.

बारकी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. हातपाय धुवायला मोरीकडं गेली आणि तिथंच थांबली. वाफा मोकळा. नुसती भोकं. मग आत आली आणि डेगचीत बघितलं.

"किती जणांचं?" तिनं विचारलं.

"नऊ," हाल्या म्हणाला. आणि म्हटल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते.

घरात दोन माणसं. डेगची काठोकाठ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बारकी चिडेल म्हणून तो वाट बघत राहिला. ती फक्त म्हणाली, "नासायला नको. वाटून ये."

हाल्या पातेल्यात भाजी घेऊन घरोघरी फिरला. प्रत्येक दारात भाजीचं कौतुक, आणि कौतुकापाठोपाठ, "मग, कधी जातोस?" शेवटचं घर भिकी काकीचं. म्हातारी एकटीच राहायची. तिनं बोटानं भाजी चाखली, डोळे मिटले.

"बारकीची पात ना ही? तिनं दिली तरी कशी? तिच्या आईचं बी आहे ते. लग्नात ओटीत बांधून आणलेलं. दर साली थोडे कांदे राखते, तेच परत लावते. मी मागून थकले, मला एक दिला नाही."

म्हातारी पुढं काय बोलत होती ते हाल्याला ऐकू येईना. तेवीस वर्षं त्या बाईनं जे जपलं ते आपण एका दिवसात फोडणीला घातलं. आणि हे बी घरात आहे हेसुद्धा आपल्याला शेजारणीकडून कळावं? पातेलं तिथंच विसरून तो घरी निघाला.

बारकी वाफ्यात बसली होती. शेजारी ती टोपली, त्यानं बाजूला टाकलेले बारीक कांदे त्यात होते, मुळांसकट. वीसेक असतील. ती एकेक घेऊन भोकात ठेवत होती आणि माती दाबत होती. हाल्या काट्यांजवळ उभा राहिला.

"मी जातो परत बोटीवर," तो म्हणाला. "गुडघ्याचं होईल काय व्हायचं ते."

बारकीनं हात थांबवला. आणि मग ती बोलायला लागली ती थांबेचना.

"जा. तुला काय, सवयच आहे जायची. वाफा ओरबाडायचा आणि चालायला लागायचं. आणि याला रोज पाणी कोण घालील, तुझा टांडेल? पात खुडायची असते रे, दोन बोटांनी, बाहेरची तेवढी. मग आतून दुसरी येते. कांदा उपटला की संपलं, एवढं शेंबड्या पोराला कळतं. मीठ कुठंय विचारतोस, पळी कुठंय विचारतोस, सगळ्या घराचा पत्ता विचारून झाला तुझा, आणि हे तेवढं विचारलं नाहीस? नऊ जणांचं म्हणे. कुठले नऊ? इथं मी आणि तू."

तेवीस वर्षांत बारकी हाल्याला अशी कधी बोलली नव्हती. दोन-तीन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला कोण बोलतं? त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, बियाण्याचं तर फारच. पण वाईट वाटता वाटता आतून कुठंतरी बरंही वाटत होतं, आणि हे काय भलतंच, म्हणून तो आणखी गोंधळला. तो गुडघा सांभाळत खाली बसला आणि टोपलीतला एक कांदा उचलला.

"उलटा धरलायस," बारकी म्हणाली.

त्यानं सुलटा केला.

दिवेलागणीला भिकी काकी पातेलं परत करायला आली. बारकीनं तिला जेवायलाच बसवलं. हाल्या आपल्या नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसला. बारकीनं फळीवरची स्टीलची ताटली काढली, पदरानं पुसली, भात आणि भाजी वाढली आणि भिकी काकीपुढं ठेवली. मग स्वतःसाठी एक जर्मनची ताटली घेतली, आणि तसलीच दुसरी, एका बाजूनं चेपलेली, हाल्यापुढं सरकवली.

हाल्या ताटलीकडं बघत राहिला. ही शिक्षा म्हणायची का? त्यानं बारकीकडं बघितलं. तिचं तोंड रोजच्यासारखंच, कळायला काही मार्ग नाही.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "ती पाहुण्याची आहे."

भिकी काकीनं तोंडात घास असतानाच विचारलं, "कधी जातो गं हा?"

"तो कुठं जातोय," बारकी म्हणाली. "उद्यापासून वाफ्याचं पाणी त्याच्याकडं आहे."

हाल्यापुढची चेपलेली ताटली जमिनीवर डुगडुगत होती. त्यानं बोटीवरच्या सवयीनं तिच्याखाली एक बोट घातलं, म्हणजे ती हलणार नाही, आणि मान खाली घालून जेवायला लागला.