समासातला ‘पुरावा?’

माझा मामा चौतीस वर्षं वर्तमानपत्रात प्रुफं तपासायचा. संशय आला की समासात तांबड्या शाईनं एकच शब्द लिहायचा, ‘पुरावा?’ अग्रलेख असो की हवामान, कुणाची सुटका नव्हती. ऑफिसात त्याचं नावच ‘पुरावा’ पडलं. पुढं मी त्याच ऑफिसात बातमीदार झाले आणि त्या तांबड्या शाईला मनापासून वैतागले.

निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्याला इंटरनेटवरचा ज्ञानकोश सापडला. तिथं कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. मामाला रानच मोकळं मिळालं. इतरांच्या चुका काढता काढता त्यानं आमच्या वाचनालयाची नोंद स्वतः लिहिली आणि संस्थापक म्हणून एका वकिलाचं नाव घातलं. का, तर लहानपणापासून तिथल्या भिंतीवर त्याच वकिलाचा फोटो बघितलेला. आठवड्याभरात कुणीतरी खाली खूण केली : संदर्भ हवा. मामा भडकला.

‘‘पुरावा मागतात! आणि मला!’’

पुढचा शहाणपणा माझा. वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून मी लेख लिहिला. वाचनालय ऑफिसपासून चार मिनिटांवर, पण मी जागची हलले नाही, नाव ज्ञानकोशातून उचललं. मामानं आनंदानं माझाच लेख आपल्या नोंदीखाली संदर्भ म्हणून जोडला. छापून आलंय म्हटल्यावर ती खूण निघाली. वाचनालयाच्या समितीनं वकिलाच्या नावाचा फलक करायला टाकला.

मग एका सकाळी एक म्हाताऱ्या बाई ऑफिसात आल्या. काठी टेबलाला टेकवून त्यांनी एक जुनी वही पुढ्यात ठेवली. त्यांच्या आईनं घरातल्या पुढच्या खोलीत वाचनालय काढलं, त्या पहिल्या पुस्तकांची ती यादी. वकील म्हणजे आईचे भाऊ, फोटोपुरते अध्यक्ष.

‘‘रविवारी फलक लागतोय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आईचं नाव कुठंच नाही हो. समितीतले मोबाईल दाखवतात. म्हणतात, आजी, पेपरातसुद्धा आलंय.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वही घेऊन मामाकडे गेले. त्यानं चष्मा पुसून सगळी पानं चाळली आणि नोंद दुरुस्त केली. तासाभरात कुणीतरी ती पुन्हा पहिल्यासारखी करून टाकली. कारण दिलं होतं : वही छापलेली नाही, लेख छापलेला आहे. नियमाला धरूनच होतं ते. म्हणजे आता छापूनच कबूल करायला हवं होतं.

तिथंच बसून मी खुलासा लिहिला. ‘लेखात संस्थापकांचं नाव अनवधानानं चुकीचं छापलं गेलं.’ आमचं ठरलेलं वाक्य. मामानं कागद ओढून घेतला, तांबडं पेन शोधलं, ‘अनवधानानं’खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘पुरावा?’ मान काही वर केली नाही.

मी वाक्य खोडलं. लिहिलं, ‘मी वाचनालयात गेलेच नाही. नाव मामाच्या नोंदीतून घेतलं आणि त्यानं नोंदीला माझाच लेख लावला.’

‘‘नुसतं मामा नको,’’ तो म्हणाला. ‘‘माझं पूर्ण नाव घाल.’’

शनिवारी खुलासा आला आणि फलक थांबला. बाई अंक न्यायला आल्या. आईचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणानं विचारलं, ‘‘मी रोज दुपारी तिथंच बसलेली असते. का नाही आलात?’’