अडकलेली फाईल

मामांना सरळ असं काही चालतच नसे. चहा गरम दिला तर जीभ पोळायची, निववून दिला तर “उरलेला दिलात का?” म्हणायचे. कचेरीत होते तेव्हा त्यांच्या टेबलावर आलेली फाईल सहसा पुढे सरकत नसे. पैसे खाण्याचा मामला मुळीच नव्हता, त्यांना नुसत्या शंका यायच्या. धाकटी बहीण कानीकपाळी ओरडायची, “दादा, दर वेळी वाकड्यात शिरलंच पाहिजे का रे?”

बहिणीची मुलगी दातांची डॉक्टर. आता पुढच्या पदवीसाठी ती प्रबंध लिहीत होती. रूट कॅनॉल करताना दाताच्या मुळातली नळी साफ करायला सुईएवढी बारीक कानस वापरतात, तिलाही फाईलच म्हणतात. एक पोलादी, ताठ, हातानं फिरवायची. दुसरी नव्या धातूची, लवचीक, मशीनवर फिरणारी. काढून टाकलेल्या दाढांवर दोन्ही चालवायच्या आणि वाकड्या मुळात कोणती बरी ते ठरवायचं. हवी होती ती वाकडी मुळं.

नेमकी तेव्हाच मामांची अक्कलदाढ ठणकायला लागली. एक्स-रे बघून भाची हरखली. “मामा, काय सुंदर वाकडं मूळ आहे तुझं!”

वाकडेपणाचं असं कौतुक मामांच्या वाट्याला प्रथमच येत होतं. त्यांनी लगेच आ वासला आणि भाचीनं दाढ काढली. “उरलीसुरली अक्कलही गेली,” बहीण म्हणाली.

कोणत्या दाढेला कोणती फाईल, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मामांच्या वाट्याला पोलादी आली. “परत टाक चिठ्ठी!” म्हणून ते दोन दिवस फुगून बसले, पण मग रोज फोन सुरू. “आमची दाढ काय म्हणते?”

दाढ काही म्हणाली नाही. तिनं मुळाच्या बाकापाशी फाईलच मोडली आणि तुकडा आत ठेवून घेतला.

“इथंही फाईल अडकवलीसच!” बहीण हसून हसून बेजार झाली. मामाही मिशीत हसले, पण भाचीचा चेहरा पडला होता. बाकी एकही फाईल तुटली नव्हती. बाहेरून येणारे परीक्षक खडूस होते. हात जड म्हणून तुटली असं त्यांनी ठरवलं, तर सगळी तुलनाच पाण्यात जाणार होती. ती दाढ गुपचूप वगळावी, असं पोरीच्या मनातही आलं नाही. मामांना तिचा फार अभिमान वाटला, आणि आपल्या दाढेचा भयंकर राग आला.

तोंडी परीक्षेला मामाच तिला स्कूटरवर घेऊन गेले आणि बाहेर बाकावर बसले. दार किलकिलं होतं.

“फाईल तुटली की तुम्ही तोडलीत?” परीक्षक विचारत होते. “हात जड असेल तर ही फायलींची तुलना कसली? तुमच्या हाताची झाली.”

भाचीची दातखीळ बसली. मामांना राहवेना. ते दार ढकलून थेट आत गेले.

“साहेब, चूक दाढेची आहे. दाढ माझी आहे.” त्यांनी गाल ओढून रिकामी जागा दाखवली. “ती हिनंच काढली. हात जड असता तर मी ऐकून घेतलं असतं का? कुणालाही विचारा. आमच्यात कुणी सरळ शिरूच शकत नाही, तिथं त्या बिचाऱ्या फाईलची काय कथा!”

परीक्षकांनी एक्स-रे उजेडात धरला. मग मामांकडे पाहिलं. मग पुन्हा एक्स-रेकडे. “बाक जबरदस्त आहे,” ते म्हणाले, आणि हसले.

भाचीला कंठ फुटला. “सर, जवळपास इतक्याच बाकातून लवचीक फाईल सुखरूप बाहेर आली. माझा निष्कर्ष तोच आहे.”

“मग तो इतका दबक्या आवाजात कशाला सांगता?”

ती पास झाली. जिन्यात तिनं मामांचा हात घट्ट धरला, तिचे डोळे भरून आले होते. “मामा, तू चक्क चूक कबूल केलीस!”

“मी कुठं? दाढेची केली,” मामा म्हणाले. “आणि ती आता माझी नाही, तुमच्या कॉलेजची.”