तिसरी हाक आलीच नाही

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कुणी असले किस्से सुरू केले की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय… पण घडलंय माझ्यासमोर.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. अंधेरीत तेव्हा एक जुनं दगडी कोर्ट होतं आणि रस्त्यापलीकडे हुतात्म्यांची बाग — मध्ये नावं कोरलेला काळा दगड, भोवती चार बाकं. बाबा गेल्यावर घरमालकाने आमच्या खोलीवर दावा लावला होता. त्या दिवशी आईची साक्ष. पुकारा तीनदा होतो. हजर नसलात तर निकाल एकतर्फी, आणि आमचं बिऱ्हाड रस्त्यावर!

वकिलांचा कारकून म्हणाला, "चारच्या आधी नंबर लागत नाही. जेवून घ्या." म्हणून पावणेतीनला बागेत डबा उघडला.

पहिला घास तोंडात, तोच आईच्या नावाची खणखणीत हाक — "सुमन अनंत परऽब!"

मी ताडकन उठले. आईने मनगट धरलं. "बस गो. पयल्या हाकेक ओ देवची नाय."

हे तिचं मालवणचं शास्त्र. माणूस तीनदा हाक मारतो, 'ते' दोनदाच.

"अगं, कोर्टाचा पुकारा आहे! वाट लागेल ना आपली!"

पुन्हा तीच हाक. आता माझ्या लक्षात आलं… कोर्ट समोर होतं, हाक मागून येत होती. त्या दगडाकडून. वळून पाहिलं तर कोणी नाही.

आई मात्र उठली. "ओऽऽ, इलंय!" म्हणाली आणि डबा तसाच टाकून धावत सुटली.

कोर्टात वर पोचलो तर आधीच्या सगळ्या केसेसना पुढची तारीख पडलेली, म्हणून आमचा नंबर लवकर लागलेला. शिपाई दारात आईचंच नाव घेत होता — गळ्याला मफलर, घसा पार बसलेला. दोन हातांवरसुद्धा ऐकू येईना. "आत्ता पहिल्यांदाच पुकारतोय, बाई," तो कसाबसा म्हणाला.

आईने साक्ष दिली. पुढे निकाल आमच्या बाजूने लागला.

बस स्टॉपवर मी विचारलं, "तिसऱ्या हाकेसाठी थांबली नाहीस ती?"

"तिसरी येवची नाय, ह्या माका ठावक होता. पण बोलवणारो आपल्या बऱ्यासाठीच बोलवता, असा वाटला. म्हणान उठलंय."

बाबाच असतील, असं सगळे म्हणतात. नव्हते. बाबांचा आवाज मी ओळखणार नाही? मग कुणाचा होता… आजवर कळलेलं नाही.

आई आता नाही. मी त्याच खोलीत राहते. बाहेरून हाक आली की तिसरीसाठी थांबते. पण दोनच येऊन थांबल्या, तर आधी उठून दार उघडते.