घर तथास्तु म्हणतंय, म्हणून मी माझंच नाव घेतलं

मंडळी, आज दिवेलागणीला पोखर्णीत एका शेतकरी कुटुंबाला आरोग्य विमा समजावत होतो. माझं रोजचंच काम.

"समजा काकू, तुम्हाला आधीपासून शुगर आहे..."

काकूंनी हातानंच थांबवलं. "दिवाबत्तीच्या टायमाला असं बोलू नका, भाऊ. घर तथास्तु म्हणतंय."

"मग कुणाचं नाव घेऊ?"

"तुमचंच घ्या की!"

सगळे हसले. मीही हसलो आणि सांगायला लागलो. "बरं, समजा मला शुगर आहे. मग विमा घेतला तरी त्या आजाराचा खर्च लगेच मिळत नाही, ठरलेली काही वर्षं थांबावं लागतं. तो वेटिंग पिरियड. आणि मी शुगर लपवली, तर पुढं क्लेम नाकारला जाऊ शकतो."

तेवढ्यात माळवदाखाली पाल चुकचुकली.

काकूंनी जमिनीवर बोटं आपटत "कृष्ण कृष्ण" म्हटलं. निघताना माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, पण माझ्याकडं बघितलं नाही.

घरी आल्यापासून मी पाणीच पितोय. तहान भागत नाही. बायकोला म्हणालो, "मनाला लागलं बघ काकूंचं बोलणं."

ती म्हणाली, "आजच कुठं? लय दिवसांपासून असंच पाणी प्यायलाय तुमी."

उद्या मला स्वतःचीच पॉलिसी घ्यायची आहे. शुगर तपासायचं मशीन समोर ठेवलंय, पण बोट काही टोचवेना.

खरं सांगा मंडळी, तपासलंच नाही, तर ते लपवणं होतं का?