शकील सर आणि ‘थोडी’ बेरोजगारी

कारंज्याच्या आमच्या कॉलेजात शकील सर अर्थशास्त्र शिकवत. देशाची मध्यवर्ती बँक व्याजदर जाहीर करायची, त्या सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येत, मोबाइल टेबलावर उभा करत आणि ओरडत, “चूप बसा रे! साहेब बोलून राह्यले.” साहेब बोलायचे इंग्रजीत. आम्हाला कप्पाळ कळायचं! मागच्या बाकांवर जांभया सुरू होत, पण सर मॅच ऐकावी तसे मुठी आवळून ऐकत. दर वाढला की टेबलावर थाप. “वाढवला! आता पाहा, मुंबईत बटन दाबलं का कारंज्यात काय होते ते.”

बुटके, घाऱ्या डोळ्यांचे, बाही कायम खडूने माखलेली. घराणं धान्याच्या व्यापारातलं. धाकटे भाऊ सलीमभाई गावातच तुरीची डाळमिल चालवत. सर व्यापारात का गेले नाहीत असं कुणी विचारलं, तर म्हणत, “घरात दोघंही व्यापारी झाले तं सौदा कोनाशी कराव?”

अर्थशास्त्र त्यांच्या तोंडी अगदी घरचं होऊन जाई. “सरकारनं रस्ते काढले, करात सूट देली, का लोकाईच्या हाताले काम भेटते, खिशात पैसा येते. पन माल तेवढाच अन् घेनारे जास्त, मंग भाव चढतात. लयच चढले का बँक व्याज वाढवते. कर्ज महाग, धंदा मंदा, भाव खाली.” मग खडू झटकत पुस्तकातलं शेवटचं वाक्य, “अन् बेरोजगारी थोडी वाढते.” महागाईवर त्यांचा मनापासून राग होता. “मले महागाईभत्ता भेटते. डाळ निवडनाऱ्या बाईले कोन देते?” हे ऐकताना मी खाली मान घालायचे, कारण माझी आई सलीमभाईंच्या मिलमध्ये डाळच निवडायची.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा सगळंच महागलं. आई फोडणीला तेल दाखवल्यासारखं करायची. बँकेने व्याज वाढवलं, पुन्हा वाढवलं. डाळीचे भाव उतरावेत म्हणून सरकारने परदेशी तुरीलाही दार मोकळं केलं. गावात लोक खूश झाले, आम्हीही झालो. पण सलीमभाईंनी नुकतंच कर्ज काढून नवं मशीन बसवलं होतं. हप्ता वाढला आणि महागात घेतलेल्या तुरीच्या डाळीचा भाव पडला. एका संध्याकाळी आई भाकरी थापता थापता म्हणाली, “अर्ध्या बाया कमी कराव्या लागतीन म्हनते सलीमभाई.” आमच्या घरात कमावणारी ती एकटी. माझं कॉलेज तिच्याच मजुरीवर चाललेलं.

दुसऱ्या दिवशी सर नेमके ‘बेरोजगारी थोडी वाढते’ या वाक्यावर आले. माझं डोकं मुळातच गरम. ताडकन उठले. “थोडी म्हणजे किती, सर? त्या थोडीत माझी आई येते. तुमच्या भावाच्याच मिलमधली!”

सरांनी खडू ठेवला. “बस बाई,” एवढंच म्हणाले आणि वर्गाबाहेर गेले.

त्या संध्याकाळी ते मिलवर पोचले. पुढचं सगळं आईने सांगितलेलं. दोघा भावांची चांगलीच जुंपली. सलीमभाई कडाडले, “भाईजान, ब्याज बढना चाहिए, ये कॉलेज में आप ही पढाते ना? अब बोलो, मैं किसको निकालूं?” तेव्हा आई पुढे झाली. “कोनालेच काढू नका. आमी पाळीपाळीनं येतो.” मंदीच्या दिवसांत बायकांनी दिवस वाटून घ्यायचे, ही त्या मिलची जुनी रीतच होती. सलीमभाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. “आकड्यात पाहाल तं त्या मिलमधली एकही बाई बेरोजगार नाही. हजेरीत सगळ्याईचं नाव हाय. अन् सगळ्याईच्या घरात अर्धी बेरोजगारी घुसली. हे कोन मोजन?”

“मग व्याज वाढवणं चुकलं का, सर?” कुणीतरी विचारलं.

“नाही. भाव तसेच चढत राह्यले असते तं हेच घरं आनखी मेले असते. चुकलं माह्यं. मी ‘थोडी’ म्हनलो अन् चहा प्यायले गेलो.”

त्यानंतर सरांना खूळच लागलं. उत्तरपत्रिकेत कुणी ‘बेरोजगारी वाढते’ लिहिलं की शेजारी लाल शाईत ‘कोणाची?’ माझेही गुण कापले बाप्पा! एका सरकारी कचेरीतही ते खेटे घालत. मंजूर झालेली गटारांची कामं आत्ताच काढा, धंदा मंदा असतानाच सरकारने खर्च करावा, तेजीत काढून काय उपयोग, असा त्यांचा हेका. तिथले लोक चहा पाजून त्यांना वाटेला लावत. मी कॉलेज सोडते म्हटलं, तर आईने अशी नजर टाकली की पुन्हा तो विषय काढला नाही. रिकाम्या दिवशी ती लोकांची धुणीभांडी करायची. मिल पूर्ववत चालू लागेपर्यंत असंच चाललं.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. हृदयविकाराचा झटका. कब्रस्तानात बायका जात नाहीत, म्हणून मिलमधल्या सगळ्या जणी रस्त्याच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. आई हमसून हमसून रडत होती. मला नवल वाटलं. सर माझे, हिची अन् त्यांची ओळख ती कितीशी?

घरी आल्यावर तिने सांगितलं. अर्ध्या कामाच्या त्या दिवसांत सर प्रत्येकीच्या घरी गेले होते. दारातच स्कूटर उभी करायचे, आत यायचे नाहीत.

“म्हने, ‘बाई, आज काय शिजवलं?’ मले राग आला. हा कोन इचारनारा? तरी सांगतलं, भाकर अन् मिरची. तं तो तसाच उभा राह्यला. म्हने, ‘हे मी पोराईले शिकवलंच नाही.’”

आईने पदराने नाक पुसलं.

“काम देनारे लय भेटले मले. काय शिजवलं, हे त्या एकट्यानंच इचारलं वं.”