रुक्माबाईच्या हातावरची मेंदी

खानापूरकडच्या एका खेड्यात रुक्माबाईचं घर आहे आणि घरामागं मेंदीचं दाट कुंपण. गुरं आत शिरू नयेत म्हणून नवऱ्यानं, रवळूनं, काड्या रोवल्या होत्या. ट्रॅक्टर उलटून तो गेला तेव्हा लेक दिपाली अंगावर पीत होती. पुढं रुक्माबाई शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधू लागली आणि त्यावर लेकीला शिकवलं.

कुणाच्या तळपायांची आग होवो, कुणाचं डोकं उन्हानं तापो, कुणाला नखुरडं होवो, गल्लीतल्या बायका तिच्याकडंच येत. ती पाला ओरबाडायची, पाट्यावर गंधासारखा वाटायची, लेप बांधून द्यायची. पिकल्या केसांसाठी लोखंडी कढईत भिजत घालायची. केस मऊ व्हायचे, तांबूस चमकायचे. स्वतःच्या भेगाळल्या टाचांनाही ती मेंदी थापायची. त्याला कुणाची हरकत नव्हती. विधवेला मेंदी औषध म्हणून चालायची, रंग म्हणून नाही.

रवळू गेल्यानंतरच्या पहिल्या नागपंचमीला तिनं तळहातावर एक ठिपका ठेवला होता. रुपयाएवढा, बस. थोरली जाऊ मनुबाई हिनं तो बघितला आणि चार बायकांत म्हणाली, "कुणासाठी गं ही हौस?" रुक्माबाईनं राखेनं हात घासघासून सोलवटून घेतला. रंग गेला नाही. आठवडाभर ती मूठ पदरात झाकून वावरली. तेव्हा तिला नुसती लाज वाटली. राग नंतर आला, आणि एकदा आला तो मुक्कामालाच राहिला. भाकरी थापताना यायचा, दुसऱ्यांच्या पोरींचे हात रंगवायला पाला वाटून देताना तर हटकून यायचा. तरी ती गप्प होती.

औंदा दिपालीचं लग्न ठरलं, वडगावच्या सौरवशी. दिपाली बेळगावात दवाखान्यात नोकरी करते. बाजारचा कोन नको म्हणाली. "आई, आपल्या कुंपणाची, तुझ्या हातची."

रुक्माबाईनं पाला वाटला. चहाचं पाणी, काथ, लिंबू घालून वाडगा मांडवात आणून ठेवला आणि लेकीचा हात हातात घेतला. तोच मनुबाईनं वाडगा उचलला.

"रुक्मे, वाटलीस तेवढं बास झालं. पयला हात सवाष्णीचा लागू दे. तू चुलीकडं बघ जा."

दिपाली काही बोलायच्या आत रुक्माबाई उभी राहिली.

"आक्का, ह्या झाडांस्नी पानी कुनी घातलं?"

"तसं न्हवं गं. पोरीच्या बऱ्यासाठीच सांगतीय."

"पोरीचं बरं? ती तापानं फणफणली तवा रातभर कपाळावर ह्योच हात हुता. तवा कुठली सवाष्ण आलती? तुमच्या पायाला लेप लावताना ह्यो हात इटाळत न्हाई व्हय?"

मनुबाईचा नवरा, दीर आण्णाप्पा, बाहेरून आत आला. "रुक्मा, पावनं हाईत. आवाज खाली."

"भावजी, आजवर खालीच हुता."

तिनं वाडगा मनुबाईच्या हातातून हिसकून घेतला. मेंदी सांडली, साडीला लागली. ती बसली, दिपालीच्या तळहातावर चांद काढला, भोवती ठिपके मांडले. मग उरलेल्यातली मूठभर मेंदी तिनं स्वतःच्या डाव्या हातावर मनगटापर्यंत थापली. नक्षी नाही, काही नाही.

"दिपे, उजवा तू भर."

दिपालीनं मोकळ्या हातानं तोही भरला. मनुबाई तरातरा निघून गेली. तिच्यामागं पाचसहा बायका गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या, पण कुणी गाणं म्हटलं नाही.

"आता सयपाक कोन करनार?" आण्णाप्पानं विचारलं.

"माझ्या हाताला मेंदी हाय," रुक्माबाई म्हणाली.

शेवटी आमटीची पळी त्यालाच धरावी लागली.

लग्नात रुक्माबाई लालभडक हातांनी अक्षता टाकत उभी होती. कुणीतरी काही बोलेल, या तयारीनं ती दात आवळून होती. कुणी बोललं नाही. नुसतं बघितलं आणि नजर वळवली. त्यानं तिचा संताप आणखीच भडकला. एवढीच गोष्ट होती तर इतकी वर्षं कशाला छळलं मला?

पाठवणी झाल्यावर आण्णाप्पा ओसरीवर टेकला. "झालं ती झालं. फुडं आसलं काय करू नगंस."

"सरावनात परत लावनार. मन झालं तर त्याच्या आधीबी."

चहा तसाच ठेवून तो उठला. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद आहे. सणाच्या दिवशी, एकटीचं ताट वाढताना, रुक्माबाईला ते सलतं. मग ती उठते आणि परसात जाऊन पाला तोडते. राग अजून गेलेला नाही. हातावरचा रंग फिका पडत आला, की ती नवीन मेंदी वाटायला बसते. ती आता चुलीशी नाही, पुढच्या दारात बसते.