आप्पांच्या बोटांना न लागलेली रेघ

डायवाले आप्पा बंदुकीला घाबरत. रायफल क्लबात रोज येणारा हा माणूस, पण कुणी नेम धरला की कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करी. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "बाई, बंदूक कुणाची बी असूंदे, पुंगळी माझी हाय की. भ्या मला न्हाय तर कुणाला?"

शिरोली एमआयडीसीत जन्मभर टर्नर म्हणून राबलेले आप्पा निवृत्तीनंतर क्लबच्या परवान्यावर आमच्या काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या सुधारत. गोळी सुटली की पितळी पुंगळी फुगते. वंगण लावून ती डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबायची, मूळ मापाला आणायची, मगच तिच्यात पुन्हा दारू भरता येते. "वंगण भाकरीला पाणी लावल्यागत लावायचं. जास्त झालं तर पोचा, कमी झालं तर अडकून बसतीया." मी कोडोलीच्या शाळेतली शिक्षिका, नव्या काडतुसांची चैन मला कुठली!

खरी मेख पुंगळीच्या बुडाशी. पुन्हापुन्हा वापरल्यावर तिथं आतून बारीक खाच पडते, बाहेरून दिसत नाही. पुंगळी तिथं फाटली तर तापलेला धूर थेट नेमबाजाच्या डोळ्यात. ती खाच चाचपायला आप्पांनी घरच्या काकूंचा, म्हणजे बायकोचा, केसांचा आकडा वाकवून घेतला होता. तो आत फिरवताना स्वतःलाच विचारत, "लागतंय काय?" एक जरी खाच लागली, तरी पुंगळ्यांचा सगळा डबा मोडीत.

शुगर वाढली तसे आप्पा उकळत्या चहाचा स्टीलचा पेला नुसत्या हातात आरामात धरू लागले. आम्ही वेड्यांनी त्याचं कौतुक केलं.

राज्य स्पर्धा तोंडावर आली होती. त्यांनी तपासून ठेवलेल्या पुंगळ्यांत मी सहज आकडा फिरवला आणि सातव्या पुंगळीत तो अडकला. सांगावं तर या माणसाचं काम जाणार, न सांगावं तर कुणाचा तरी डोळा. शेवटी म्हटलं, "आप्पा, हितं लागतंय."

त्यांनी आकडा फिरवला. पुन्हा फिरवला. "न्हाय की." मग पुंगळी करवतीनं उभी कापली. आत केसाएवढी रेघ होती. आप्पा आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"आदीचं डबं कुणाकुणाला दिल्यात मी?"

दारू भरलेले चार डबे बाहेर गेले होते. मी फोन लावत सुटले. तिघांनी लगेच फोन उचलला. चौथा पन्हाळ्याचा मुलगा, त्या वेळी सरावाला गेलेला. घंटी वाजत राहिली. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे, कानांवर हात. पाऊण तासानं त्याचाच फोन आला. मी डब्याचं विचारलं, तर म्हणाला, "डबा अजून उघडलाच नाही, का हो?" मी तेच मोठ्यानं आप्पांना सांगितलं. ते मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

जाताना आकडा माझ्या हातात ठेवला. "आता तुमी बघा, बाई." पुन्हा ते डायला शिवले नाहीत. यंदा दिवाळीनंतर गेले. मला त्यांची फार आठवण येते.

हल्ली पुंगळ्या मीच तपासते. बसण्याआधी उकळत्या चहाचा पेला बोटांत धरते. चटका बसला, की मगच आकडा उचलते.